विसूची जागा

पावसाळ्याआधी आमच्या मागच्या पडवीत लाकडं रचून ठेवतात. त्यातला एक ओंडका ओढायला जावं तर पाच अंगावर येतात. या घरातल्या किश्श्यांचं तसंच आहे. सासूबाईंनी एक सांगायला घ्यावा, तो पुरा व्हायच्या आत मधूनच दुसरा गडगडत येतो. माझ्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. नव्या सुनेला बोलायचं काम कमी आणि ऐकायचं जास्त, त्यामुळे माझ्याकडचा साठा भराभर वाढला. त्यातला नुसता फुटबॉलचा ढीग उपसते. बाकीचा पुढच्या पावसाला पुरेल.

*

रत्नागिरीत आमचं घर कातळाच्या कडेला आहे. घर, मग काजूचं झाड, मग जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा, आणि गडग्यापलीकडे लगेच मैदान. मैदान म्हणजे सगळा उघडा कातळच. त्यावर पडलं की गुडघ्याची साल तिथेच राहते. या मैदानावर खेळतो तो कातळ क्लब. आमचे हे दिवसा कोर्टात कारकून आणि संध्याकाळी क्लबाचे सेक्रेटरी. यातली कुठली नोकरी खरी आणि कुठली फावल्या वेळची, हे लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी विचारायला हवं होतं.

क्लबाचा चेंडू एकच. त्याचं चामडं फाटू नये म्हणून खलाशी होड्यांना लावतात ते मुशीचं तेल त्याला चोपडतात. म्हणजे माशाचंच तेल. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. चेंडू गडग्यावरून आत आला की सासूबाई त्याला हात लावत नाहीत. आंबे उतरवायची लांब आकडी घेऊन त्याला दारातून परसात, परसातून गडग्यापर्यंत ढकलत नेतात. तोवर पलीकडे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे. आणि चेंडूच्या मागोमाग आळीतली तीन मांजरं, ओळीने.

एकदा पाहुण्यांनी विचारलं, "वहिनी, हे काय चाललंय?"

सासूबाई म्हणाल्या, "सून आणलीय, पण मुलगा अजून खेळतोय."

*

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात गडग्यामागे बसून निवडणटिपण करताना मी खेळाडू मोजले. दहा भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. पुन्हा दहाच.

रात्री जेवताना सासूबाईंना हळूच म्हटलं, "फुटबॉलला अकरा लागतात ना?"

त्यांच्याऐवजी ह्यांनीच उत्तर दिलं. "अकरा आहेत की."

"मला दहा दिसले."

"अकरावा विसू."

"ते कुठे असतात?"

"मुंबईला."

सहा वर्षांपूर्वी विसू हा क्लबाचा सेंटर फॉरवर्ड होता. सगळ्यांच्या पुढे, बरोबर मधोमध. बंदर क्लबाविरुद्ध एका सामन्यात त्याने पाच गोल केले. ते ऐकून मुंबईच्या एका गिरणीने त्याला खेळण्यासाठी म्हणून नोकरी देऊन नेलं. निरोपाच्या सभेत क्लबाचे अध्यक्ष दादासाहेब वकील भाषण करताना भरून आले आणि म्हणाले, "विसूच्या जागी दुसरा कोणी उभा राहणार नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मैदानात गेल्यावर कळलं की खरंच कोणी उभं राहायला तयार नाही.

इकडे हे नवल नाही. मुंबईला गेलेल्या माणसाचा पाट घरात भिंतीला टेकून असतोच. फक्त आमच्या क्लबाने तो मैदानात मांडला.

*

तुम्हाला वाटेल, दहा जणांचा संघ हरत असेल. पहिले एक-दोन सामने हरला. मग सवय झाली. मध्ये माणूस नाही म्हटल्यावर उजवीकडचे हे आणि डावीकडचा गडी त्या मोकळ्या जागेतून एकमेकांना चेंडू द्यायला लागले. पुढे पुढे तर बघायचीही गरज उरली नाही. मोकळ्या जागेत चेंडू सोडायचा, पलीकडे तो कोणीतरी घेतोच. तिथून गोल झाला की सगळे ओरडतात, "विसूचा!"

त्याहून गंमत बंदर क्लबाची. त्यांचा कप्तान गणू तांडेल, पाच गोल खाल्लेला माणूस. विसू मुंबईला गेला यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने आपले दोन धट्टेकट्टे गडी त्या रिकाम्या जागेवर पहाऱ्याला ठेवले.

हे त्याला म्हणाले, "अरे गणू, तिथे कोणी नाही."

गणू म्हणाला, "तां आमाला नको सांगू. नाय म्हनता म्हनता येतो तो."

अशी सहा वर्षं गेली. आमचे दहा, त्यांचे अकरा, त्यातले दोन हवेवर पहारा देणारे. म्हणजे उरले नऊ. कातळ क्लब दरसाल जिंकतो आहे.

*

कार्तिकात विसूभाऊजींचं पत्र आलं. दोनच ओळी. "मी परत यावं म्हणतो. जागा आहे ना?"

ह्यांनी ते पत्र कोर्टात, बाजारात, देवळात, सगळीकडे वाचून दाखवलं. दादासाहेब शाळेच्या कमिटीवर होते आणि शाळेला ड्रिल मास्तर हवा होता. त्यांनी जाहीर केलं, "पौषातल्या सामन्यात विसू खेळला आणि बंदर क्लबाला हरवलं, की ड्रिल मास्तर विसूच."

बोटीच्या दिवशी सगळे दहाजण बंदरावर. मोठी बोट लांब उभी राहते. तिथून पडावातून माणसं आणतात आणि शेवटची चार पावलं गुडघाभर पाण्यातून यावं लागतं. दहाजण पाण्यात शिरले. विसूला पाण्याला पाय लावू द्यायचा नाही, खांद्यावरून न्यायचं. पाच उजवीकडे उभे राहिले, पाच डावीकडे. जयजयकार झाला. विसूभाऊजींनी पडावातून अंग सोडलं, आणि दोन रांगांच्या मधून सरळ पाण्यात गेले.

मध्ये उभं राहायची सवयच कोणाला नव्हती.

*

भिजलेले कपडे बदलायला त्यांना आमच्याकडेच आणलं. त्यांचं आता इथे कोणी नव्हतं. पडवीच्या पायऱ्या तीन आहेत. तिन्ही पायऱ्यांवर त्यांनी डावाच पाय आधी टाकला आणि उजवा मागून ओढून घेतला. मी दाराआड होते. बाकीच्यांचं लक्ष त्यांच्या गळ्यातल्या बुटांच्या जोडीकडे होतं. खाली खिळे मारलेले मुंबईचे बूट. ते हातोहात फिरत होते.

मंडळी गेल्यावर सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. "दाखव तो गुडघा."

"काही नाही हो काकू. जरा—"

"दाखव म्हटलं ना."

मी स्वयंपाकघरात होते. भिंत पातळ आहे. गुडघा दोन वर्षांपासून गेलेला. दसऱ्याला गिरणीच्या संघाने काढलं. नोकरी खेळावरच होती, तीही गेली.

"कोणाला सांगू नका, काकू. एवढा एक सामना निघाला की ड्रिल तर मला करवून घेता येईल. शिट्टीच मारायची. इथे नाही जमलं तर मला जायला जागा नाही."

सासूबाई म्हणाल्या, "पाय सरळ कर."

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. मला कोणी विचारलंच नाही.

*

सामन्याच्या आदल्या दिवशी क्लबाचं जेवण आमच्याकडे असतं. माजघरात पानं मांडायचं काम माझं. सासूबाईंनी पहिल्याच जेवणाला शिकवलं होतं: दहा पानं दहा जणांची, आणि मधलं अकरावं विसूचं. सगळं वाढायचं, रांगोळी घालायची, उदबत्ती लावायची नाही (सासूबाईंचा खास हुकूम, माणूस जिवंत आहे), आणि शेवटी ते पान गाईला.

या खेपेला मी दहा आणि एक अशी अकरा पानं मांडली. मंडळी बसली. मधल्या पानावर विसूभाऊजी. सासूबाई वरणाचं भांडं घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अगं, विसूचं पान?"

"ते बसलेत ना त्यावर."

"हा जेवतोय गं. पण विसूचं पान नको का मांडायला?"

पंक्तीत कोणी हसलं नाही. उलट दोघांनी सरकून जागा केली. मी बारावं पान मांडलं. विसूभाऊजी जेवत होते आणि शेजारी विसूचं पान निवत होतं. त्यावर दोन जास्तीच्या पुरणपोळ्या होत्या. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं.

"काकू, त्याला जास्त वाढलंत."

"तो लांब असतो रे."

*

त्याआधीच्या सरावात मात्र कोणाच्या लक्षात येईना की काय बिनसलं आहे. ह्यांनी नेहमीप्रमाणे मधल्या जागेतून चेंडू सोडला, तो विसूभाऊजींच्या पाठीवर. डावीकडच्या गड्याने सोडला, तो पोटावर. प्रत्येक वेळी मारणारा खेळ थांबवून धावत यायचा.

"लागलं का रे? माफ कर हं."

"नाही, नाही. माझंच चुकलं."

त्यात ते बूट. खिळ्यांचे बूट घालून कातळावर उभं राहणं म्हणजे दगडी जिन्यावर बैल चढवणं. नुसता खडखडाट. ते वळायला जायचे तेव्हा बूट वळायचे आणि माणूस पुढे जायचा. पण बूट काढावेत असं त्यांना सांगणार कोण? अर्धं गाव ते बूटच बघायला येत होतं.

शेवटी ह्यांनी तोड काढली. घरी येऊन मला म्हणाले, "विसू खेळायला लागला की आपण जरा त्याच्या बाजूने खेळू."

"कुठल्या बाजूने?"

ह्यांनी थोडा विचार केला. "तेच बघायचं आहे."

*

सामन्याच्या दिवशी गडग्यामागे आम्ही बायका दाटीवाटीने बसलो होतो. दादासाहेब खुर्चीवर, शाळेच्या कमिटीतले दोघे त्यांच्या शेजारी.

खेळ सुरू झाला आणि गणू तांडेलाने विसूभाऊजींना दहा पावलं पळताना पाहिलं. मग आपल्या दोन पहारेकऱ्यांकडे वळून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोडा रे त्याला. ह्या तो नव्हं."

सहा वर्षांत पहिल्यांदा बंदर क्लबाचे अकराही जण खेळायला लागले. आमचे चेंडू विसूभाऊजींच्या अंगावर आपटत होते आणि तिथून बंदरवाल्यांच्या पायात जात होते. मध्यंतरापर्यंत तीन गोल झाले. तिन्ही त्यांचे. कमिटीतल्या एकाने जांभई दिली.

विसूभाऊजी पाणी प्यायला गडग्याशी आले. मी तांब्या पुढे केला. त्यांच्याशी तोवर मी एक शब्दही बोलले नव्हते.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा की."

"तुम्ही मुंबईला असता तेव्हा ह्यांचा चेंडू तुमच्या जागेवरून जातो. आता तिथे तुम्ही असता."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "म्हणजे मी माझ्याच जागेत मध्ये येतो?"

"मला खेळातलं कळत नाही. मी नवीन आहे."

त्यांनी मैदानाच्या मधोमध एकदा नजर टाकली. मग गडग्यावर बसले, बूट सोडले, आणि ह्यांना हाक मारून म्हणाले, "गुडघा गेला रे. तुम्ही व्हा पुढे."

दहाजण मैदानात परतले. मध्ये मोकळी जागा. ती दिसताच गणूच्या त्या दोघा पहारेकऱ्यांचे पाय आपोआप तिकडे वळले. गणू "अरे हिकडं, हिकडं" करून घसा फोडत होता, पण सहा वर्षांची सवय. ह्यांनी न बघता चेंडू सोडला. पलीकडे तो कोणीतरी घेतला.

"विसूचा!"

सामना आम्ही चार-तीनने जिंकलो. विसूभाऊजी गडग्यावर बसून एकेक गोलाला टाळ्या वाजवत होते. जिंकलो म्हणजे आता नोकरी पक्की, असं त्यांना वाटत होतं. मलाही.

*

दादासाहेब वकील होते हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

संध्याकाळी आमच्याच पडवीत बैठक बसली. दादासाहेबांनी विड्याचं पान जमवलं. म्हणाले, "माझा शब्द असा होता की विसू खेळला आणि आपण जिंकलो, तर. विसू खेळत होता तेव्हा आपण हरत होतो. आपण जिंकलो तेव्हा विसू खेळत नव्हता. दोन्ही गोष्टी घडल्या, पण एकत्र घडल्या नाहीत."

हे म्हणाले, "साहेब, तो बाहेर बसला म्हणूनच जिंकलो. ते त्याचंच श्रेय."

दादासाहेब खूश झाले. "बरोबर. हाच मुद्दा मला हवा होता. विसू मैदानात असला तर आपण तीन गोलांनी मागे. गडग्यावर असला तर एका गोलाने पुढे. आणि मुंबईला असताना?"

"दरसाल तीन-चार गोलांनी जिंकत होतो," हे म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली.

"तर मग क्लबाच्या हिताच्या दृष्टीने विसूने कुठे असावं?"

पडवीत सगळे जमिनीकडे बघायला लागले. उत्तर विसूभाऊजींनीच दिलं.

"मुंबईला."

"ह्याला म्हणतात खेळाडू," दादासाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

सासूबाईंनी त्या दिवशी बैठकीला चहा दिला नाही. दूध नासलं म्हणाल्या. दूध चांगलं होतं. मीच तापवलं होतं.

*

निघताना ह्यांनी त्यांना क्लबाचा दाखला लिहून दिला. अक्षर बरं म्हणून लिहायला मी. "श्री. विसू हे गेली सहा वर्षं आमच्या क्लबाकडून प्रत्येक सामन्यात सेंटर फॉरवर्डच्या जागी होते. त्यांच्यामुळे क्लब दरसाल विजयी झाला आहे." यात खोटं काय आहे, मी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

पोचवायला सगळे बंदरावर गेले, आम्हीही. त्या दिवशी दोन बोटी उभ्या होत्या, एक मुंबईला जाणारी, एक मुंबईहून येऊन पुढे गोव्याकडे जाणारी. विसूभाऊजी पडावात बसले. पडाव लांब गेला, तशी मंडळी शिमग्याच्या सामन्यावर वाद घालायला लागली.

मी समुद्राकडे बघत होते. तोंड समुद्राकडे केलं की मुंबई उजव्या हाताला. विसूभाऊजींचा पडाव डावीकडच्या बोटीला लागला. ती बोटही मग डावीकडे गेली.

बोटीने कुठे जावं हे नव्या सुनेने सांगायचं नसतं. शेजारी सासूबाई होत्या. त्यांनी पदराने डोळ्यावर सावली धरली होती.

"गेला हो मुंबईला," त्या म्हणाल्या.

*

परवा शिमग्याचा सामना झाला. आदल्या दिवशीचं जेवण या खेपेला सामन्याच्याच दुपारी ठेवलं होतं. मी अकरा पानं मांडली. दहाजण जेवून मैदानात गेले. मधलं पान उचलून मी गोठ्याकडे निघाले, तर सासूबाईंनी हाक मारली.

"आज गाईला नको. काजूखाली ठेव."

"काजूखाली कोण खाणार?"

"ठेव म्हटलं ना."

काजूला बोंडं लागली आहेत. खोडामागे, गडग्याला पाठ लावून, विसूभाऊजी बसले होते. अनवाणी. गळ्यात दोरीला शिट्टी.

"इथून खाली दक्षिणेला, नाटे गावच्या शाळेत ड्रिल शिकवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "दाखला बघून लगेच घेतलं. सकाळीच शिडाच्या मचव्यातून आलो." मग पानाकडे बघून म्हणाले, "हे विसूचं ना?"

"हो."

"बरं वाढतात त्याला." आणि जेवायला लागले.

पलीकडे सामना रंगला होता. दोन-दोन गोल झाले होते, वेळ थोडा उरला होता. विसूभाऊजी मैदानाकडे पाठ करून नुसत्या आवाजांवरून खेळ सांगत होते. आता उजवीकडे. आता सोडणार. तेवढ्यात चेंडू गडग्यावरून आला, काजूच्या फांदीवर आपटला आणि गडगडत येऊन त्यांच्या डाव्या पायाशी थांबला. मागोमाग तिन्ही मांजरं.

गडग्यापाशी हे धावत आले. पलीकडून त्यांना मी दिसत होते आणि खोड दिसत होतं. "चेंडू, चेंडू. लवकर."

सासूबाई आकडी घेऊन मागच्या दारात आल्या होत्या. आल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

विसूभाऊजींचा पाय चेंडूपासून वीतभर लांब होता. बोटं हलली. मग त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतला, आणि खरकटा हात पानावर तसाच ठेवून माझ्याकडे वर पाहिलं.

"वहिनी, तुम्ही टाका," ते म्हणाले. "मी मुंबईला आहे."